जिद्दीला सलाम नको, पेन्शनचा हिशेब द्या



पोस्ट मोठी आहे. वेळ असेल तेव्हा वाचा, पण शेवटपर्यंत वाचा.

आधी एक विनंती. बाजारात, जत्रेत कुणी म्हातारं जोडपं माल विकताना दिसलं की मोबाइल काढून शूटिंग करायचं, मागे बासरीचं म्युझिक लावायचं आणि वर लिहायचं, ‘या वयातही कष्ट! जिद्दीला सलाम!’ हे बंद करा. आमचेही असे दोन-तीन व्हिडिओ फिरतायत. विचारलं कुणीच नाही. खाली शेकडो लोकांनी हात जोडलेत, हृदयं टाकलीत. एकानेही विचारलं नाही की ही माणसं अडुसष्टाव्या वर्षी रस्त्यावर का आहेत? म्हणून आज मीच सांगतो.

मी एका सहकारी सूतगिरणीत तेवीस वर्षं रिंग फ्रेमवर काम केलं. तिन्ही पाळ्या केल्या. २००७ साली गिरणीला कुलूप लागलं. कोणती गिरणी ते लिहीत नाही, कारण तुमच्या तालुक्यातल्या गिरणीचं नाव तिथे घातलंत तरी गोष्ट हीच राहील. ग्रॅच्युइटी अवसायकाच्या कागदांत अडकली ती आजपर्यंत. पुढची वर्षं मिळेल ते काम केलं. कुठे वॉचमन, कुठे गोडाऊनवर हमाली. अठ्ठावन्न पूर्ण झाल्यावर पेन्शन सुरू झाली. महिन्याला ११४० रुपये. दिवसाला ३८ रुपये पडतात. दोन माणसांना.

गावात आमच्या दोन खोल्या आहेत. त्यात मुलगा, सून, दोन नातवंडं. मुलगा एमआयडीसीत ठेकेदाराकडे आहे, काम असलं की पगार, नसलं की घरी. त्यामुळे ‘मुलं सांभाळत नाहीत का?’ हा प्रश्न कृपा करून कमेंटमध्ये टाकू नका. त्यालाच कुणीतरी सांभाळायची वेळ आहे. पावसाळ्याचे तीन-साडेतीन महिने आम्ही त्या दोन खोल्यांत काढतो. बाकीचं वर्ष टेम्पोत. एक जुना छोटा हत्ती आहे, तिसऱ्या हाताचा. त्यात सोलापुरी टॉवेल, पंचे, उशीचे अभ्रे, नाड्या, टोप्या. मागे फळीवर गादी, खाली गॅसची छोटी शेगडी, पाण्याचे दोन कॅन. हेच आमचं दुकान आणि हेच घर.

दिवस कसा जातो ते सांगतो, म्हणजे व्हिडिओत काय दिसत नाही ते कळेल.

पहाटे चारला उठायचं. पेट्रोल पंपावर किंवा देवळाजवळच्या नळावर तोंड धुवायचं, जमलं तर आंघोळ. साडेसहाच्या आत बाजारात पोचायचं, नाहीतर जागा जाते. पोचलो तरी जागा मिळेलच असं नाही. स्थानिक दुकानदार म्हणणार आमच्या दारात नको, भाजीवाला म्हणणार ही आमची पिढीजात जागा. शेवटी गटाराच्या कडेला नाहीतर उन्हात मिळते. ताडपत्री अंथरायची, चार बांबू उभे करायचे, माल लावायचा. दहाच्या सुमारास पावतीवाला येतो. पावतीवर एक आकडा आणि हातात मागतो दुसरा. विचारलं की म्हणतो, ‘आजोबा, बसायचं का उठायचं?’ दुपारी ऊन तापलं की गिऱ्हाईक नाही. चार ते सात हाच खरा धंदा. आठला आवरायचं, शंभर-सव्वाशे नग घड्या घालून परत टेम्पोत. मग पुढच्या गावाच्या वाटेला लागायचं किंवा पंपावर गाडी लावून झोपायचं. तिथेही रात्री कुणीतरी काचेवर टकटक करतं, ‘ए म्हाताऱ्या, इथे नाही लावायची.’ ही बिचारी दचकून उठते आणि म्हणते, ‘अहो, चला इथून.’

चांगल्या दिवशी अडीच-तीन हजारांची विक्री होते. त्यात पाव हिस्सा आमचा. त्यातून डिझेल, जे नव्वदीच्या घरात आहे, त्यातून पावती, त्यातून दोघांच्या गोळ्या. हातात तीनशे-साडेतीनशे राहतात. अवकाळी पाऊस आला तर तेही नाही, उलट माल भिजतो. वर टेम्पोचं पासिंग. मालवाहू गाडी आठ वर्षांची झाली की दरवर्षी फिटनेस काढावा लागतो. गाडीची तब्येत दरवर्षी तपासायचा नियम आहे, गाडीत झोपणाऱ्यांच्या तब्येतीचं कुणाला काही नाही.

आता बायकांचा विषय, जो आमच्या सौ. स्वतः कधी बोलणार नाहीत. तिला शुगर आहे. शुगरच्या माणसाला पाणी लागतं आणि वारंवार लघवीला जावं लागतं. बाजाराच्या गावात बाईमाणसासाठी मुतारी असते कुठे? असली तर दार नसतं, दार असलं तर पाणी नसतं, दोन्ही असलं तर कुलूप असतं. म्हणून ती सकाळी अकरानंतर पाणीच पीत नाही. उन्हाळ्यात, चाळीस-एक्केचाळीस डिग्रीत, शुगरची बाई दिवसभर तोंड कोरडं ठेवून हसतमुखाने टॉवेल विकते. त्या हसण्याखाली लोक लिहितात, ‘आजीच्या चेहऱ्यावरचं समाधान बघा.’

तर आता मुद्द्यावर येतो. काही लोक म्हणतात, काका, तुम्ही लोकांनी तरुणपणी बचत करायला हवी होती. अरे बाबांनो, आम्ही बचत केलीच होती. ती कुठे गेली ते ऐका.

१६ नोव्हेंबर १९९५ पासून कर्मचारी पेन्शन योजना सुरू झाली. तीच ही ईपीएस-९५. कामगाराच्या नावाने मालक जो १२ टक्के भविष्यनिर्वाह निधी भरतो, त्यातले ८.३३ टक्के दरमहा या पेन्शन फंडात वळवले जाऊ लागले. केंद्र सरकार त्यात १.१६ टक्के घालतं. योजना सक्तीची होती. आम्हाला कुणी विचारलं नव्हतं की पैसे पीएफमध्ये ठेवू की इकडे टाकू. मालकाचा वाटा म्हणजे कामगाराच्या मजुरीचाच भाग. म्हणजे ही पेन्शन म्हणजे भीक नाही, अनुदान नाही, लाडाची योजना नाही. आधी केलेल्या कामाची उशिरा मिळणारी मजुरी आहे.

आता हिशेब बघा. कितीही पगार असो, पेन्शनसाठी धरायची मर्यादा २००१ पासून ६,५०० रुपये होती, ती १ सप्टेंबर २०१४ ला १५,००० झाली. सूत्र असं, की पेन्शनपात्र पगार गुणिले नोकरीची वर्षं भागिले ७०. समजा एखाद्याने ६,५०० च्या मर्यादेत अठरा वर्षं काढली. ६,५०० गुणिले १८ म्हणजे १,१७,०००. भागिले ७० केलं की १,६७१ रुपये. संपलं. अठरा वर्षांच्या बदल्यात एवढं. आमच्यासारख्या गिरणीवाल्यांचा पगार मर्यादेच्याही खाली, म्हणून पेन्शन आणखी खाली.

आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. या पेन्शनला महागाई भत्ता नाही. जो आकडा पहिल्या महिन्यात ठरला, तोच मरेपर्यंत. सरकारी नोकरांचा भत्ता वर्षातून दोनदा वाढतो. त्यांचा वाढतो याचं मला वाईट वाटत नाही, त्यांना मिळायलाच हवा. पण ज्या दुकानात ते तेल घेतात त्याच दुकानात मीही घेतो ना? दुकानदार मला १९९५ चा भाव लावत नाही.

किमान पेन्शन १,००० रुपये ठरली तीसुद्धा १ सप्टेंबर २०१४ ला. तेव्हा अनुदानाचा सिलिंडर साडेचारशेच्या आसपास मिळत होता. आज साडेआठशेच्या पुढे आहे. सिलिंडर दुप्पट झाला, किमान पेन्शन जिथल्या तिथे. मी उद्या गेलो तर हिला विधवा पेन्शन मिळेल, माझ्या निम्मी. निम्मी म्हणजे ५७० होतात, म्हणून किमानच्या नियमाने १,००० देतील. एका माणसाचा महिना हजारात. कसा काढायचा, हे एखाद्या खासदाराने एक महिना करून दाखवावं.

खासदारांचं नाव निघालंच आहे तर तेही सांगतो. माजी खासदाराची पेन्शन १ एप्रिल २०२३ पासून महिना ३१,००० रुपये झाली आहे. आपल्या राज्यात माजी आमदाराला ५०,००० मिळतात, आणि हा आकडा २०१६ मध्ये वाढवताना फार दिवस लागले नव्हते. पाच वर्षं सभागृहात बसलेल्या माणसाला म्हातारपणी उपाशी राहू नये म्हणून ५०,००० लागतात, हे सभागृहाला पटतं. मग तेवीस वर्षं कापसाच्या तंतूत श्वास घेतलेल्याला ११४० पुरतात, हे कोणत्या गणिताने पटतं?

‘सरकारकडे पैसा कुठे आहे?’ हे उत्तर तयारच असतं. यावर एक जुनी गोष्ट सांगतो. राज्यसभेच्या याचिका समितीने याच पेन्शनचा अभ्यास केला होता. समितीचे अध्यक्ष होते भगतसिंह कोश्यारी. २०१३ मध्ये अहवाल आला आणि त्यात किमान पेन्शन ३,००० करा, तिला महागाईशी जोडा, असं सांगितलं होतं. हेच कोश्यारी पुढे आपल्या राज्याचे राज्यपाल म्हणून तीन वर्षांहून जास्त राजभवनात होते. पेन्शन वाढवणं राज्यपालाच्या हातात नसतं, हे मलाही कळतं. पण अहवाल विरोधी पक्षाच्या नाही, संसदेच्या समितीचा होता. तेव्हा विरोधात असलेले पुढच्याच वर्षी सत्तेत आले. तेव्हा सत्तेत असलेले आता विरोधात बसून आमच्यासाठी गळा काढतात. अहवाल आहे तिथेच आहे. बुलढाण्यात आमच्यासारखे पेन्शनर वर्षानुवर्षं साखळी उपोषणाला बसले. मागणी ७,५०० आणि महागाई भत्ता. देशात असे पाऊण कोटीहून जास्त पेन्शनर आहेत. पाऊण कोटी म्हातारे! पण आम्ही रस्ता अडवत नाही, बस फोडत नाही, म्हणून आमची बातमी होत नाही.

बरं, पेन्शन नाही तर इतर योजना आहेत ना, असं काही जण म्हणतील. आहेत. त्यांचीही कथा ऐका.

लाडकी बहीण आली. वयाची अट २१ ते ६५. आमची ही अर्ज भरायला गेली तेव्हा पासष्टी उलटून गेली होती. म्हणजे पासष्टपर्यंत बहीण लाडकी, त्यानंतर बहीण नाही? म्हातारपणी गरज वाढते का कमी होते? आणि समजा वय बसलं असतं, तरी घरात चारचाकी असेल तर चालत नाही, फक्त ट्रॅक्टर चालतो. आमचा टेम्पो चारचाकी. ज्यांच्या अंगणात ट्रॅक्टर उभा आहे ते गरीब, आणि जे टेम्पोतच झोपतात ते श्रीमंत.

मग श्रावणबाळ. पासष्टच्या पुढच्यांसाठी, महिना १,५००. पण वर्षाचं उत्पन्न २१,००० च्या आत पाहिजे. म्हणजे महिन्याला १,७५०. दोन माणसं १,७५० मध्ये जिवंत असतील तरच सरकार म्हणणार की हे गरीब आहेत. तालुक्याच्या कचेरीत साहेबांनी विचारलं, ‘धंदा करता ना?’ म्हटलं करतो. ‘मग कसले निराधार?’ फाइल बाजूला. म्हणजे पेन्शन पुरत नाही म्हणून धंदा केला, आणि धंदा करतो म्हणून मदत नाही. हातपाय गाळून बसलो असतो तर पात्र ठरलो असतो.

चांगलं झालं ते चांगलं म्हणतो. एसटीत पासष्टच्या पुढे अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरनंतर फुकट आहे, बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं आहे. त्याने लाखो म्हाताऱ्यांचं भलं झालं. पण दोन गाठोडी टॉवेल आणि चार बांबू घेऊन एसटीत कोण चढू देतं? रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये कोरोनात बंद केली. कोरोना गेला, सवलत आली नाही.

फेरीवाल्यांचा २०१४ चा कायदा आहे. चांगला कायदा आहे. सर्वेक्षण करा, प्रमाणपत्र द्या, समिती नेमा, तिच्यात फेरीवाल्यांचे प्रतिनिधी घ्या, असं सगळं त्यात लिहिलं आहे. पण तो शहरांपुरता. नगरपालिका, महापालिका. आम्ही सोमवारी एका गावात, मंगळवारी दुसऱ्या, पौषात एका जत्रेत, चैत्रात दुसऱ्या. आम्ही कुणाच्या यादीत बसणार? २०२० मध्ये पीएम स्वनिधीचं दहा हजारांचं कर्ज आलं, त्यालाही शहरातल्या पालिकेचं प्रमाणपत्र किंवा शिफारसपत्र लागायचं. ते कुठलं आणायचं? म्हसवडचा रथ, पुसेगावची यात्रा, पालचा खंडोबा, सोलापूरचा गड्डा, शिंगणापूर, जोतिबा, पंढरपूरच्या चार वाऱ्या, एवढ्या सगळ्या जत्रा आमच्यासारख्या हजारो फिरत्या विक्रेत्यांशिवाय जत्रा वाटतील का? नुसतं दर्शन घेऊन परत जायला कोण येतं? पण नियोजनाच्या बैठकीत पोलीस असतात, महावितरण असतं, देवस्थान असतं, पाळण्यांचा ठेका घेणारा असतो. विक्रेता नसतो. त्याच्यासाठी फक्त पावतीपुस्तक असतं.

हा नुसता आमच्या पोटाचा प्रश्न नाही. मांढरदेवीला २५ जानेवारी २००५ ला काय झालं ते आठवा. चेंगराचेंगरीत जवळपास तीनशे माणसं गेली, दुकानांना आगी लागल्या. अरुंद वाटेवर दाटीवाटीने दुकानं आणि त्यातून हजारोंचा लोंढा, हे किती भयंकर होऊ शकतं ते सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. विक्रेत्यांना आखून, अंतर सोडून, नंबर देऊन जागा दिली तर आमचं भांडण मिटेल आणि भाविकांचा जीवही वाचेल. एवढी साधी गोष्ट आहे. पण जागा आखली की मग जागा ‘विकता’ येत नाही, हे त्यातलं खरं दुखणं.

आता तुम्हाला एक गंमत सांगतो. मुंबईचा भाचा म्हणाला, ‘मामा, अमेरिकेत तर हे फॅड आहे. रिटायर झालेली जोडपी घर विकतात, मोठी गाडी घेतात, देशभर फिरतात, वाटेत काम करतात. किती मस्त लाइफ!’ मी म्हटलं दाखव. त्याने ‘नोमॅडलँड’ नावाचा सिनेमा दाखवला, ज्याला २०२१ मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. २०१७ च्या एका पुस्तकावर आहे म्हणे, जेसिका ब्रुडर नावाच्या पत्रकार बाईंचं. बघितला. भाषा समजली नाही, पण माणसं समजली. २००८ च्या मंदीनंतर घरं गेलेले, बचत बुडालेले लोक. गाडीत राहणारे. सणाच्या हंगामात अॅमेझॉनच्या गोदामात पेट्या भरणारे, सुगीला बीटाच्या राशीवर राबणारे, उन्हाळ्यात कॅम्पच्या जागेवर संडास साफ करणारे. तिथेही काहींना ही हौस आहे, हे खरं. ज्याच्या खिशात परत जायचं भाडं आहे, त्याला भटकंती आवडते. ज्याच्याकडे नाही, त्याचंही तिथले लोक ‘स्वातंत्र्य’ म्हणून कौतुक करतात. म्हणजे हा व्हिडिओ काढायचा रोग फक्त आपल्याकडे नाही.

पण एक फरक लक्षात ठेवा. त्या देशात म्हाताऱ्यांना सोशल सिक्युरिटीची जी पेन्शन मिळते, ती १९७५ पासून महागाईबरोबर आपोआप वाढते. कुणाला उपोषणाला बसावं लागत नाही. ती पुरत नाही म्हणून ते गाडीत राहतात, हे खरं. पण निदान ती थिजलेली नाही. आमची २०१४ पासून थिजली आहे. जगाच्या श्रीमंत देशाची नक्कल करायचीच असेल तर मोठ्या गाड्यांची नका करू, या एका नियमाची करा.

आणखी एक वाक्य फार ऐकू येतं, ‘काम केलं की तब्येत ठणठणीत राहते.’ राहते ना. मीही कामाला भीत नाही. पण सकाळी उठून ‘आज जायचं का?’ असं स्वतःला विचारता आलं पाहिजे. ताप असला, गुडघा सुजला, नातवाचा वाढदिवस असला तर ‘आज नको’ म्हणता आलं पाहिजे. हे म्हणता येतं त्या कामाला हौस म्हणा, व्यायाम म्हणा, काहीही म्हणा. मागच्या माघात हिला दोन दिवस ताप होता. टेम्पोत गादीवर झोपून होती आणि मी बाहेर टॉवेल विकत होतो, कारण त्या जत्रेची जागेची पावती आधीच फाडली होती. याला तुम्ही काय म्हणणार? जिद्द? आमच्या भाषेत याला नाइलाज म्हणतात.

जे लोक आमचं कौतुक करतात त्यांच्या मनात वाईट नाही, हे मी जाणतो. काही जण मुद्दाम घासाघीस करत नाहीत, जादा पैसे देऊ करतात. त्यांचे आभार. पण हे असं कौतुक फार सोयीचं असतं. ज्याने कौतुक केलं त्याला बरं वाटतं, ज्याने पैसे बुडवले तो सुटतो. म्हातारा राबताना दिसला की आधी त्याच्या कपाळावर ‘स्वाभिमानी’ असा शिक्का मारायचा, म्हणजे मग त्याला काही द्यायला नको. स्वाभिमानी माणूस मागत नाही ना! मी मागतोय. स्पष्ट मागतोय. माझं आहे तेच मागतोय.

ज्यांना खरंच काही करायचं असेल त्यांनी हे करा.

पहिलं, तुमच्या गावच्या बाजारात आणि जत्रेत जागेच्या दराचा फलक लावला आहे का ते बघा. नसेल तर ग्रामसभेत उभं राहून विचारा. बाजाराचा ठेका कितीला गेला, पावती कितीची आणि वसूल किती होतात, हा प्रश्न गावकऱ्याने विचारला तर उत्तर द्यावं लागतं. आम्ही विचारलं तर जागा जाते.

दुसरं, बाजारतळावर बायकांसाठी दार, कडी आणि पाणी असलेली मुतारी. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला मोठा वाटा स्वच्छता आणि पाण्यासाठीच राखून दिला होता. तुमच्या ग्रामपंचायतीने तो कशावर खर्च केला ते मागा. तिथे तुमच्या घरच्या बायकाही बाजाराला येतात, एवढं लक्षात असू द्या.

तिसरं, जत्रेच्या नियोजनात फिरत्या विक्रेत्यांची आधी नोंदणी आणि आखलेल्या जागा. चिठ्ठ्या टाकून द्या, आमची हरकत नाही. भाडंही भरू, पण पावतीवर जेवढं छापलंय तेवढंच.

चौथं आणि सगळ्यात मोठं. पुढच्या निवडणुकीत जो कुणी मत मागायला दारात येईल, कोणत्याही पक्षाचा असो, त्याला चहा पाजा आणि एकच प्रश्न विचारा: ईपीएस-९५ ची किमान पेन्शन किती करणार आणि महागाई भत्त्याला जोडणार का, हो की नाही? ‘विषय केंद्राच्या विचाराधीन आहे’ हे उत्तर चालणार नाही. कोश्यारी समितीच्या अहवालाला दहा वर्षं कधीच होऊन गेली, विचार करायला एवढा वेळ पुरे.

तुमच्या घरातही कुणीतरी ईपीएसवाला असेल. साखर कारखान्यातले काका, एसटीतून रिटायर झालेले मामा, सोसायटीच्या दूध डेअरीतले वडील. त्यांना आज पेन्शन किती येते ते विचारा. ते आकडा सांगायला लाजतात, म्हणून तुम्हाला माहीत नसतो. तो आकडा खाली कमेंटमध्ये लिहा. नाव नको, फक्त नोकरीची वर्षं आणि पेन्शनचा आकडा. शंभर-दोनशे आकडे जमले की त्याची प्रिंट काढून आपल्या खासदारांच्या कार्यालयात नेऊन देऊ. मी स्वतः टेम्पो घेऊन येतो, ज्यांना यायचंय त्यांनी सांगा. मागे टॉवेलांवर बसायला जागा आहे.